चौथ्या टाकीचं सील

१ सप्टेंबर, सोमवार. कायझर्सलाउटर्न

मागची वही पीएच.डी. जमा केली त्या दिवशी संपली आणि नवी घ्यायचा कंटाळा केला. म्हणजे लिहिण्यासारखं काही घडायला लागलं आणि मी लिहायचं थांबले. आता पुन्हा सुरू करते, कारण माझं यंत्र पहिल्यांदा प्रयोगशाळेबाहेर पडतंय.

इन्स्टिट्यूटमधला माझा करार डिसेंबरअखेर संपतो. प्रोफेसर म्हणाले, खऱ्या वायनरीतला, खऱ्या टाक्यांवरचा एका हंगामाचा डेटा आला तर पुढची दोन वर्षं मागता येतील. नाही आला तर काय, ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. डोंगरापलीकडे, नॉयश्टाटच्या बाजूला फ्राऊ ल्योफलर म्हणून एक बाई आहेत. त्यांचा स्वतःचा द्राक्षमळा आणि वाइनचं तळघर आहे. त्यांनी तीन आणि चार नंबरच्या टाक्या मला द्यायचं कबूल केलंय. टाकीच्या काचेच्या खिडकीतून प्रकाश सोडायचा आणि रस आंबताना त्यातली साखर किती उतरली ते मोजायचं, एवढंच माझं यंत्र करतं. उज्ज्वल म्हणतो, एवढंच करायला तुला चार वर्षं लागली. नवरा म्हणून त्याला सगळं माफ आहे.

फोन ठेवता ठेवता फ्राऊ ल्योफलर म्हणाल्या, "तर, या दोन टाक्यांमधली वाइन कोशर असते, ज्यू लोकांच्या धर्मनियमाप्रमाणे. एक गृहस्थ येतात देखरेखीला. ते सांगतील तुम्हाला." मी म्हटलं, काही हरकत नाही. आपल्याकडच्या 'शुद्ध शाकाहारी' पाटीसारखं काहीतरी असेल, असं वाटलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज मला हात लावू नका म्हणून सांगण्यात आलं. अडतिसाव्या वर्षी, जर्मनीत, डॉक्टरेटसकट.

देखरेख करणारे गृहस्थ म्हणजे हेर कागान. वय सत्तरच्या पुढे, पांढरी दाढी, डोक्यावर काळी टोपी, हात थोडे थरथरतात. युक्रेनमधून तीस वर्षांपूर्वी आले, तिकडे पुलांचे इंजिनिअर होते. मी सवयीनं हात पुढे केला. त्यांनी स्वतःचा हात छातीवर ठेवला आणि मान लववली. माझा हात तसाच हवेत. फ्राऊ ल्योफलर घाईनं म्हणाल्या, ते परक्या बाईशी हात मिळवत नाहीत, त्यांचा नियम आहे. ठीक, तो बायकांचा नियम झाला.

मग दुसरा नियम आला. द्राक्षं चिरडल्यापासून बाटलीचं बूच बसेपर्यंत त्या दोन टाक्यांना, त्यांच्या नळांना, व्हॉल्वना त्यांच्या धर्माच्या, शब्बाथ म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस पाळणाऱ्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. लावला तर ती वाइन त्यांच्या कामाची राहत नाही. मालकीणबाईंनीसुद्धा लावायचा नाही. त्या लांब उभ्या राहून सूचना देतात आणि हेर कागान आणि त्यांच्या समाजाची माणसं कामं करतात. प्रत्येक व्हॉल्ववर त्यांचं कागदी सील असतं, वर तारेनं बांधलेलं.

मला एक कागद सहीला दिला. 'मी टाक्यांना स्पर्श करणार नाही असं वचन देते.' मी सही केली. परतीच्या गाडीत बसल्यावर कानशिलं तापली. बाबांना हे सांगायचं नाही, एवढं मात्र गाडीतच ठरवलं.

८ सप्टेंबर, सोमवार

तोडणीचा दिवस. हेर कागानच्या समाजाची चार माणसं आली होती. मी आपली बांधावर उभी, लॅपटॉप घेऊन.

घड तोडताना खाली पडलेली द्राक्षं कुणी उचलत नव्हतं. फ्राऊ ल्योफलरचा जीव खालीवर होत होता, दर ओळीला अर्धी बादली जमिनीवर. हेर कागान म्हणाले, पडलेली उचलायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. मग माझ्याकडे वळून हसले, "फ्राऊ डॉक्टर, तुम्ही घेऊ शकता. इथे तुम्ही आणि मी, दोघंच परके."

माझं डोकं सटकलं. पडलेलं आम्ही उचलायचं! माझ्या आजीनं लोकांच्या दारातलं उरलंसुरलं पदरात घेतलंय. मी म्हटलं, "धन्यवाद, मला खाली पडलेलं खायची सवय नाही."

ते गडबडले. म्हणाले, "तसं नव्हे. दान देत नाही मी. नियम असा आहे की पडलेलं मालकाचं राहतच नाही. त्यानं दिलं असं त्याला म्हणतासुद्धा येत नाही." मग म्हणाले, "हा नियम खरं तर आमच्या पवित्र भूमीतल्या मळ्यांसाठी आहे, इथे लागू नाही. मीच आपला पाळतो."

मी द्राक्षं घेतली नाहीत. नंतर ते स्वतः वाकून चार मणी उचलून खाताना दिसले.

१० सप्टेंबर, बुधवार

आंबणं छान सुरू झालंय. माझं यंत्र खरं बोलतंय का ते बघायला रोज सकाळी हाताने काढलेला नमुना लागतो. तो मी काढू शकत नाही. हेर कागान सील सोडतात, काचेच्या भांड्यात रस घेतात, पुन्हा सील करतात, भांडं उलट्या क्रेटवर ठेवतात आणि दोन पावलं मागे सरतात. मग मी उचलते. बाहेर काढलेल्या नमुन्याला हात लागला तर चालतं, तो आता वाइनमध्ये परत जाणार नसतो.

ते दोन पावलं मागे सरणं मला बघवत नाही.

आज मी मुद्दाम एक केलं. दोन ग्लास घेतले, नळाचं पाणी भरलं, एक त्यांच्यापुढे क्रेटवर ठेवला आणि बघत उभी राहिले. ते काही तरी कारण काढतील अशी माझी खात्री होती. त्यांनी टोपी सारखी केली, ओठातल्या ओठात काही म्हटलं आणि ग्लास एका दमात रिकामा केला. वर "आणखी मिळेल का?" म्हणाले. मी भरून आणला. मग मलाच काय झालं कोण जाणे, मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. शाळेच्या रांजणाला आमच्या मुलांनी हात लावायचा नाही, शिपाई वरून ओंजळीत पाणी ओतणार, आणि शिपाई रजेवर असला की घरी जाईपर्यंत तहान.

त्यांनी एकच विचारलं, "किती वर्षांचे होते?"

"आठ."

त्यांनी मान हलवली आणि ग्लास धुवायला घेऊन गेले. पाणी चालतं आणि वाइन चालत नाही, याचा अर्थ मला लागलेला नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

अकोल्याहून बाबांचा फोन. "जय भीम. काय दीपा, मशीन चालते का तुझी?"

"चालते बाबा, मस्त."

"हातानं करावं लागते का समदं?"

"नाही, एक गृहस्थ आहेत मदतीला."

"तुला मदतनीस दिला?" बाबांचा आवाज एकदम वर गेला. आता ते संध्याकाळी फिरायला जाताना साऱ्या कॉलनीला सांगतील. मी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. फोन ठेवल्यावर उज्ज्वल म्हणाला, "मदतनीस छान आहे, तुला नळाला हात लावू देत नाही." मी त्याला उशी फेकून मारली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज भांडले. म्हणजे आवाज न चढवता, जर्मनमध्ये, पण भांडणच.

मी म्हटलं, "हेर कागान, तुमच्या कायद्यात पवित्र म्हणजे नक्की काय?"

ते म्हणाले, "वेगळं काढलेलं. एका कामासाठी बाजूला ठेवलेलं. दिवसांतून एक दिवस, पिकातून पहिला वाटा, टाक्यांतून दोन टाक्या. जुन्या काळी वाइन वेदीवर ओतत. आमचेही ओतत आणि मूर्तिपूजकही ओतत. कुणाच्या मनात कुणाला अर्पण आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून कुंपण घातलं."

"आमच्याकडेही वेगळं काढत होते. माणसांना. त्यालाही पवित्रच म्हणत होते."

त्यांनी सीलची तार एकदा ओढून बघितली. मग म्हणाले, "माझा मुलगा स्टुटगार्टला असतो. मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. शब्बाथच्या दिवशी गाडी चालवतो. या टाकीला तोही हात लावू शकत नाही."

हे मला नवीन होतं. पुढे ते म्हणाले की त्यांचं घराणं पुरोहितांचं. पुरोहितानं जवळच्या नातेवाइकाशिवाय कुणाच्या प्रेताजवळ जायचं नाही, कबरस्तानात पाऊल टाकायचं नाही. त्यांचा पन्नास वर्षांचा जिवलग मित्र गेला तेव्हा ते बाहेर रस्त्यावर उभे होते, बसस्टॉपपाशी. आतली प्रार्थना ऐकू येत नव्हती. "आमच्याकडे जितकं पवित्र, तितके नियम त्याच्या स्वतःच्या पायात," ते म्हणाले.

आमची माणसं अपवित्र म्हणून बाहेर उभी असायची आणि हा माणूस पवित्र म्हणून बाहेर उभा. पण मी काही सोडायच्या मनःस्थितीत नव्हते. म्हटलं, "तुमच्या मुलानं उद्या ठरवलं तर तो आत येईल. मी?"

"तुम्हीही येऊ शकता. फक्त मी तसा सल्ला देणार नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "सहाशे तेरा आज्ञा आहेत. आणि आमचं जेवण तुम्हाला आवडणार नाही."

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. दुसऱ्याच्या कुंपणाचं कारण कितीही चांगलं असलं तरी आपण बाहेर आहोत हे बाहेरच्यालाच कळतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "गेनाऊ", अगदी बरोबर. बस, एवढंच. वाद घालायला तयारी करून जावं आणि समोरच्यानं मान्य करावं, यासारखा वैताग नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लिहावं की नाही असा विचार करत तासभर बसले आहे. पण इथे नाही लिहिलं तर कुठे लिहिणार.

संध्याकाळी सातनंतर शब्बाथ लागतो, त्यामुळे शुक्रवारी हेर कागानची धावपळ असते. हंगामात ते वायनरीच्याच वरच्या खोलीत राहतात. आज शेवटचा नमुना उशिरा काढला. त्यांचे हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होते, तार दोनदा सुटली. "शब्बाथ शालोम, फ्राऊ डॉक्टर," म्हणून ते वर गेले. फ्राऊ ल्योफलर गावात गेल्या होत्या. मी वायर गुंडाळत होते.

पावणेसातला चार नंबरच्या खालच्या व्हॉल्वमधून थेंब पडताना दिसले. थेंबांची धार झाली. जमिनीवर लाल ओघळ.

जिना दहा पावलांवर होता. हाक मारली असती तर ते आले असते, अजून वेळ होता. हाक मारायची होती. मी व्हॉल्व पकडला आणि करकचून पिळला. बोटांवरून वाइन मनगटापर्यंत आली. धार थांबली. सगळं मिळून चार सेकंद. तारेचं टोक निसटलं होतं आणि कागदी सील मधोमध फाटलं होतं.

आणि पुढचं लिहायला लाज वाटते. मी तार पुन्हा अडकवली. ओल्या कागदाच्या दोन्ही कडा अंगठ्यानं चापून जवळ बसवल्या. फरशी पुसली. हात धुतले. बाही धुतली.

इंजिनिअरचा हात गळती दिसली की आपोआप जातो, डोकं मागून येतं. स्टेशनपर्यंत स्वतःला हेच सांगत आले. मग फलाटावर दुसरा विचार आला, की दोन आठवडे त्या टाकीला हात लावायचाच होता का मला? याचं उत्तर मला खरंच माहीत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

उज्ज्वलला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "वाइनमध्ये काही फरक पडला?"

"शून्य. माझ्या यंत्राची रेघ जराही हलली नाही."

"मग झालं तर. गप्प बस. तू लेखी दिलंयस, करार डिसेंबरला संपतोय. आणि तुला कळतंय ना काय सांगणार आहेस ते? माझा हात लागला म्हणून तुमची वाइन बाटली. हे तू, तुझ्या तोंडानं बोलणार? अगं, आपल्या किती पिढ्या हेच वाक्य पुसायला खपल्या."

त्याचं म्हणणं बरोबर आहे. हेच मी रात्रभर स्वतःशी म्हणत होते. सांगितलं तर माझ्या हातानं विटाळ होतो हे मी कबूल केलं. नाही सांगितलं तर ज्या माणसानं माझ्या हातचं पाणी पिऊन वर आणखी मागितलं, त्याला मी फसवलं. दोन्हीकडे मीच खोटी. तो आपला वर खोलीत मेणबत्त्या लावून बसला असेल, त्याला काय पत्ता.

२१ सप्टेंबर, रविवार

गेले. सांगायचं ठरवून गेले आणि न सांगता आले.

हेर कागान चार नंबरजवळच उभे होते. सीलवरून अंगठा फिरवत होते. मी आल्यावर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, आजपर्यंत कधी दिली नव्हती. "शुक्रवारी उशीर झाला का तुम्हाला घरी जायला?" "नाही." "तळघरात सगळं ठीक होतं?" "हो." थोड्या वेळानं, "तुम्हाला मला काही विचारायचंय का, फ्राऊ डॉक्टर?" मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसत बसले. म्हातारपणी माणसं तीच तीच विचारपूस करतात.

आज ते दोन्ही टाक्यांच्या, वाइन कोशर असल्याच्या कागदांवर सही करणार होते. तीन नंबरवर केली. चार नंबरचा कागद घडी करून खिशात ठेवला. उद्या संध्याकाळपासून त्यांचं नवीन वर्ष लागतंय, गुरुवारी परत येईन तेव्हा बघू, म्हणाले. इतका शिस्तीचा माणूस आणि एका सहीला चार दिवस लावतोय. माझा जीव टांगणीला.

निघताना फ्राऊ ल्योफलरशी ते वर ऑफिसात बराच वेळ दार लावून बोलत होते. सुट्टीचा हिशेब असेल.

२४ सप्टेंबर, बुधवार

त्यांच्या जुन्या कायद्यातला तो पवित्रतेचा अध्याय शोधून वाचला. मराठीत मिळाला. वाटलं होतं, सगळी आंघोळ, धुणं, शिवाशीव असेल. सुरुवातीलाच 'पवित्र व्हा' अशी आज्ञा आहे. आणि पुढे काय, तर आईवडिलांचा मान राखा, शेताच्या कडा कापू नका, पडलेली द्राक्षं गरिबाला आणि परक्याला राहू द्या, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. परका तुमच्यात राहिला तर त्याला आपल्यासारखाच माना. मध्येच दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका. कशाचा कशाला मेळ नाही. पण पवित्र म्हणजे सोवळ्यात बसणं असा अर्थ त्यातून काही केल्या निघत नाही.

मग उत्साहानं आणखी मागे गेले तर बाळंतिणीचा नियम सापडला. मुलगा झाला तर चाळीस दिवस बाजूला, मुलगी झाली तर ऐंशी. तिथे वाचन बंद केलं आणि उठून भाजी फोडणीला टाकली. कुणाचाही जुना कायदा असो, बाईपाशी आला की त्याची अक्कल संपते.

पण आंधळ्याचं वाक्य भाजी ढवळतानाही डोक्यातून जाईना. या एका बाबतीत हेर कागान आंधळे आहेत. त्यांच्याकडे माझं यंत्र नाही, असतं तरी उपयोग नव्हता. त्यांच्याकडे फक्त माझी सही आहे, आणि त्या सीलच्या दोन कडा मी बसवल्यात. उद्या ते विश्वासानं कागदावर नाव घालतील आणि ती वाइन लोकांच्या सणाच्या ताटापाशी जाईल.

उज्ज्वलला म्हटलं, मी सांगणार आहे. तो म्हणाला, "सांग. पण मान खाली घालून सांगू नकोस."

२५ सप्टेंबर, गुरुवार

फाटकातच फ्राऊ ल्योफलर भेटल्या. "तुम्हाला कळलं का? चार नंबर कोशरमधून गेली. साधी वाइन म्हणून विकायची आता."

"कधी?"

"रविवारीच सांगितलं त्यांनी. म्हणाले, सील मी नीट बांधलं नव्हतं, चूक माझी. प्रमाणपत्र देणाऱ्या ऑफिसलाही स्वतःच कळवलं. ऑफिसनं पुढच्या हंगामाला दुसरा माणूस पाठवायचं ठरवलंय. काय करणार, हात थरथरतात बिचाऱ्यांचे."

म्हणजे सगळं संपलंच होतं. वाइन गेलेली, कुणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही, डेटा माझ्या खिशात. आता गप्प राहण्याची मला काहीच किंमत मोजावी लागणार नव्हती. मोजायची होती ती त्यांना, आणि त्यांनी ती आधीच मोजली होती.

ते खाली चार नंबरच्या तारा काढत होते.

"तो व्हॉल्व मी बंद केला, हेर कागान. शुक्रवारी. सीलसुद्धा मीच चापून बसवलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"गळका व्हॉल्व स्वतःहून घट्ट होत नाही. मीही इंजिनिअर होतो."

"मग विचारलं का नाहीत?"

"तीनदा विचारलं." ते तार गुंडाळत राहिले. "सरळ विचारलं असतं तर तुम्हाला सरळ उत्तर द्यावं लागलं असतं. आठ वर्षांच्या त्या मुलाच्या मुलीच्या तोंडून ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं. आणि सील मी ढिलं बांधलं होतं, हे खोटं नाही."

मला रडू आलं आणि तितकाच संताप आला. मी म्हटलं, "तुम्ही कोण माझ्यावर पांघरूण घालणारे? मी दया मागितली नव्हती. माझी चूक माझी आहे. ती तुम्ही परस्पर उचललीत आणि मला विचारलंसुद्धा नाहीत."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, चिडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "खरं आहे. हेही मी न विचारताच केलं. नव्या वर्षात आमच्याकडे माणसानं माणसाची माफी माणसापाशीच मागायची असते. मी मागतो."

"आणि मी हाक मारली नाही त्याची मी मागते," मी म्हटलं. आम्ही दोघं ओल्या फरशीवर वेड्यासारखे उभे. हात मिळवायची सोय नव्हतीच.

तशीच वर गेले आणि फ्राऊ ल्योफलरना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा बंद झाला. "तुम्ही लेखी दिलं होतं. तुमच्या प्रोफेसरना मला कळवावं लागेल." मी म्हटलं, जरूर कळवा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळपासून प्रमाणपत्राच्या त्या ऑफिसला पत्र लिहीत होते. उज्ज्वल रजा टाकून घरी थांबला, चहा करत राहिला. प्रोफेसरांचा एका ओळीचा मेल आलाय, सोमवारी भेटा. तो काय ते सोमवारी.

पत्रातलं एकच वाक्य जमेना. 'माझ्या स्पर्शामुळे वाइन अयोग्य झाली.' लिहिलं की खोडायचे. त्यांच्या कायद्यानं ते बरोबर असेल, पण माझा हात ते लिहीत नव्हता. पाच वेळा खोडलं. शेवटी स्वतःला विचारलं, मी नेमकं केलं काय? हात काय, सगळ्यांनाच असतो. मग लिहून झालं.

तेवढ्यात बाबांचा फोन आला आणि मला ते पुढे ढकलणं जमलं नाही. सुरुवातीपासून सांगितलं. हात लावायचा नाही हा नियम, क्रेटवर ठेवलेलं भांडं, व्हॉल्व, फाटलेलं सील, म्हातारबांची गेलेली जागा. बाबा मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन तुटली.

"बाबा?"

"ऐकून राह्यलो. काय लिवलं त्या पत्रात? मराठीत वाच."

मी वाचलं. "हेर कागान यांच्याशी केलेला करार मी मोडला. त्यांना न बोलावता मी व्हॉल्व बंद केला आणि मग फाटलेलं सील जोडून ते लपवलं. त्यांनी माझ्यावर टाकलेल्या विश्वासाला मी जागले नाही. माझ्या मोडलेल्या शब्दाची शिक्षा त्यांना देऊ नये, अशी विनंती आहे. डॉक्टर धम्मदीपा सुखदेव वानखडे."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, कुणीतरी गॅस बंद केला.

"दीपा, यात बाटली, विटाळ, असा शब्द कुठंच नाही आला."

"नाही आला बाबा."

"माझं नाव आहे ना पण शेवटी?"

"आहे."

"मग पाठव," बाबा म्हणाले.